विषप्रयोगाचा पहिला तास: बेळगाव सीमाभागातल्या एका गावाचं प्रकरण

बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, महाराष्ट्रातल्या चंदगडच्या हद्दीला टेकलेल्या गावांत भात, रताळी, बटाटा आणि ऊस ही मुख्य पिकं. हुमणी आणि खोडकिडीसाठी आणलेलं दाणेदार औषध बहुतेक शेतकरी घरांत गोठ्याच्या वळचणीला अडकवलेलं असतं. कुत्री मारायचं कुणाच्या मनात आलं की हात तिथंच जातो. खालचं प्रकरण अशाच विषप्रयोगाचं आहे. गावाचं नाव आणि माणसांची ओळख दिलेली नाही. या पट्ट्यातल्या अशा घटनांत जो क्रम पुन्हा पुन्हा दिसतो, तो एका घटनेत बांधून मांडला आहे, म्हणजे वाचणाऱ्याला आपल्या गावाशी ताडून पाहता येईल.

जनावर वाचवणं हे एकाचं काम आणि पुरावा राखणं हे नंतर पोलिसांचं काम, अशी वाटणी झाली की दोन्ही हातची जातात. ओकारी पाण्यानं धुऊन टाकली जाते, मेलेलं जनावर दुपारच्या आत ओढ्याकडेला पुरलं जातं, आणि संध्याकाळी तक्रार द्यायला गेलेल्या माणसाच्या हातात फक्त राग उरतो. दोन्ही कामं पहिल्या तासात, तिथं हजर असलेल्या माणसांनीच करावी लागतात. ती कशी, ते तपशिलानं पाहू.

पहाटेची स्थिती

पौष महिना. पावणेसहाला डेअरीला दूध घालायला निघालेल्या माणसाला पाणंदीच्या तोंडाशी दोन गावठी कुत्री मरून पडलेली दिसली. अंग ताठलेलं, तोंडाला फेस, मागच्या बाजूला पातळ विष्ठा. जवळच दोन कावळे मेलेले. वीस-पंचवीस पावलांवर एक मादी आडवी पडून थरथरत होती. वजन अंदाजे १४ किलो. गल्लीतल्या एका घराच्या ओट्याखाली त्याच घरचा कुत्रा, १८ किलोचा, लाळ गाळत उभा राहायची धडपड करत होता. रात्री तो मोकळा सोडलेला असायचा.

आठवडाभर आधी त्याच पाणंदीलगतच्या एका गोठ्यात शिरून कुत्र्यांनी शेळीची दोन करडं मारली होती. त्या घराचं नुकसान खरं होतं आणि भरपाई कुणी दिलेली नव्हती. ही पार्श्वभूमी लक्षात ठेवायला हवी, पण तेवढ्यावरून कुणावर बोट ठेवणं चुकीचं आणि धोक्याचं. अशा गावांत पुष्कळदा आमिष रानडुकरांसाठी टाकलेलं असतं आणि बळी कुत्री जातात. रताळ्याच्या शिवारात तो संशयही तितकाच धरावा लागतो. रानडुकराला विष घालणं हीही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार शिकारच ठरते.

सहा वाजेपर्यंत माणसं जमली. मादीच्या तोंडात कुणीतरी ताक ओतलं, मग गोडं तेल. घरच्या कुत्र्यालाही मीठपाणी पाजायची तयारी चालली होती. तेवढ्यात बेळगावच्या प्राणी बचाव गटाला फोन लागला आणि पलीकडून पहिलं वाक्य आलं, “मामा, तोंडात काहीच ओतू नका, ताकसुद्धा नको.” घरच्या कुत्र्याचा जीव त्या एका सूचनेनं वाचला, असं म्हणायला हरकत नाही. मादीच्या बाबतीत उशीर झाला होता, त्याचं पुढं येईलच.

तोंडात ओतणं इतकं वाईट का

थरथरणाऱ्या किंवा शुद्ध हरपत चाललेल्या जनावराला गिळता येत नाही. ओतलेलं द्रव श्वासनलिकेतून फुप्फुसात जातं आणि दोन-तीन दिवसांनी न्यूमोनिया होतो. विषातून सुटलेलं जनावर त्यानं दगावतं. तेल, तूप आणि दूध यांच्यात आणखी एक खोट आहे. उंदीर मारायच्या पेस्टमधला पिवळा फॉस्फरस स्निग्ध पदार्थात विरघळून अधिक वेगानं रक्तात जातो. मिठाचं पाणी जास्त गेलं तर रक्तातलं सोडियम वाढून झटके येतात, म्हणजे एका विषावर दुसरं. चिंचेचं पाणी, कांद्याचा रस, अंडं, साबणाचं पाणी, यांतल्या कशाचाही उपयोग नाही.

ओकारी करवायची की नाही हा निर्णय डॉक्टरचा. जनावर पूर्ण शुद्धीत असेल, थरथर सुरू झाली नसेल आणि विष खाऊन साधारण दोन तासांच्या आत असेल, तरच ती करवतात. फवारणीचं पातळ औषध पोटात गेलं असेल तर मुळीच नाही, कारण त्यात रॉकेलसारखं द्रावक असतं आणि ते परत वर येताना फुप्फुसात शिरतं.

फोनवरून दिलेल्या सूचना

गट बेळगावहून पोचायला पाऊण तास लागणार होता. तेवढ्या वेळात गावातल्या चार तरुणांनी पुढची कामं केली.

दोघांनी हातांत दुहेरी प्लास्टिक पिशव्या चढवून मादीला उताराच्या बाजूला कुशीवर वळवलं, डोकं अंगापेक्षा किंचित खाली, म्हणजे लाळ बाहेर गळेल. तोंड बांधायचं नाही, हे बजावून सांगावं लागतं. चावेल या भीतीनं माणसं पहिल्यांदा तोंडालाच दोरी बांधतात, आणि तोंड बांधलेलं जनावर स्वतःच्या लाळेत आणि ओकारीत गुदमरतं. जाड पोतं किंवा घोंगडं मानेवरून टाकून धरलं तरी पुरतं. थरथरीनं अंग तापतं, ताप १०६ अंश फॅरनहाइटपर्यंत जाऊ शकतो. त्यासाठी साध्या पाण्यानं ओला केलेला कपडा पोटावर आणि मांड्यांच्या आत. बर्फ नको.

लाळ गाळणारं, लडखडणारं कुत्रं दिसलं की रेबीजची शंका आलीच पाहिजे. एकाच सकाळी, एकाच जागी अनेक जनावरं पडलेली, सोबत कावळे मेलेले आणि डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, ही चिन्हं विषाकडे बोट दाखवतात. तरीही लाळ उघड्या हाताला लागू द्यायची नाही. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. कुत्र्याला विषबाधा झाली होती म्हणून लस टाळू नये.

उरलेल्या दोघांकडे पुरावा दिला. मेलेल्या जनावरांना न हलवता प्रत्येकाचे तीन फोटो: लांबून, ज्यात मागचा विजेचा खांब किंवा घर दिसेल, मधल्या अंतरावरून, आणि तोंडाजवळून. मोबाइलमधलं लोकेशन सुरू ठेवून एक अखंड व्हिडिओ. फोटोला फिल्टर नाही, त्यावर लिहिणं नाही, आणि ग्रुपवर टाकायची घाई नाही. मूळ फाइल मोबाइलमध्येच राहू द्यायची, कारण व्हॉट्सअॅपवरून गेलेल्या फोटोतली वेळ आणि जागेची नोंद पुसली जाते. मृत जनावरांवर पोतं टाकून कावळे आणि इतर कुत्र्यांना दूर ठेवायचं. कावळ्यांनाही तसंच झाकायचं, कारण त्यांच्या पोटातलं मांस हाही पुरावाच. मोर, कोल्हा किंवा मुंगूस मेलेलं आढळलं तर ते हलवायचं नाही, वन खात्याला कळवायचं.

पाणंदीच्या वळणावर कोंबडीच्या आतड्यांची फाटकी कॅरीबॅग सापडली. त्यात करडे, उग्र वासाचे दाणे चिकटलेले. हे आमिष. ते उचलताना नाक जवळ नेऊन वास घेणाऱ्यांना आवरावं लागतं. उंदराचं काळं औषध, म्हणजे झिंक फॉस्फाइड असेल, तर ओलसर मांसात आणि पोटातल्या आम्लात त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. तो माणसालाही बाधतो, म्हणून अशा जनावराला काचा बंद केलेल्या गाडीतून नेऊ नये.

कोणतं विष, हे ओळखण्याची घाई कशासाठी

उपचार त्यावर ठरतो. गावात पाच प्रकार नेहमी आढळतात.

ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या दोन गटांची लक्षणं जवळजवळ सारखीच. नसेकडून स्नायूला आणि ग्रंथीला गेलेला निरोप संपवणारं एक विकर (एन्झाइम) शरीरात असतं. हे विष त्यालाच बांधून टाकतं. निरोप थांबत नाही, म्हणून लाळ, अश्रू, लघवी, हगवण सगळं एकदम वाहतं, बाहुल्या आकुंचन पावतात, श्वासनलिका पाण्यानं भरते आणि स्नायू फडफडत राहतात. फोरेट आणि क्लोरपायरिफॉस पहिल्या गटातली, कार्बोफ्युरान दुसऱ्या. खाल्ल्यानंतर पाच-दहा मिनिटांपासून काही तासांत लक्षणं दिसतात.

झिंक फॉस्फाइडमध्ये ओकारी, पोटदुखी, धाप, सैरभैर धावणं आणि झटके येतात. लाळ-अश्रूंचा तसा पूर नसतो. पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टनं पहिल्या दिवशी ओकारी होते, जनावर सावरल्यासारखं वाटतं आणि तीन-चार दिवसांनी यकृत निकामी होतं. ब्रोमाडिओलोनच्या वड्यांनी काही दिवस काहीच दिसत नाही, मग नाकातून, हिरड्यांतून, शेणाच्या वाटेनं रक्त. त्यावर व्हिटॅमिन के-१ हे नेमकं औषध आहे आणि ते आठवडेच्या आठवडे द्यावं लागतं.

इथं चित्र स्पष्टपणे पहिल्या जोडीचं होतं. त्या दोहोंतलं नेमकं कोणतं, हे दाण्यांच्या रंगावरून ठरवू नये. कंपन्या रंग बदलतात, आणि सुटं विकलेलं औषध कुठल्या पुडीतून आलं हे सांगता येत नाही.

दवाखान्यात

१९६२ या क्रमांकावर फिरतं पशुवैद्यकीय पथक मिळू शकतं, पण ते मुख्यतः गुरांसाठी आणि पहाटे त्यावर विसंबून राहता येत नाही. दोन्ही जनावरं छोट्या हत्तीत घालून साडेसातच्या सुमारास बेळगावात पोचली. वाटेतच दवाखान्याला फोन करून एकच प्रश्न विचारला होता: अॅट्रोपिनचा साठा किती?

अॅट्रोपिन हा या विषावरचा मुख्य उतारा. साठ्याचा प्रश्न का, ते आकड्यांत पाहा. पुढचे डोस डॉक्टरच्या हातचे आहेत, घरी टोचायचे नाहीत. पण साठा किती लागतो हे कार्यकर्त्याला माहीत असायलाच हवं. अॅट्रोपिन किलोला सुमारे ०.२ मिलिग्रॅम धरलं तर १८ किलोच्या कुत्र्याला ३.६ मिलिग्रॅम. बाजारातल्या ०.६ मिलिग्रॅमच्या अँप्युलमध्ये ते सहा अँप्युल होतात. १४ किलोच्या मादीला २.८ मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास पाच. दोघांच्या पहिल्याच डोसला अकरा अँप्युल, आणि तो डोस काही तासांनी पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. भूल देण्याच्या कामापुरत्या चार-पाच अँप्युल ठेवणाऱ्या दवाखान्यात हे जनावर नेलं तर अर्धवट डोस मिळतो. औषध दिलं, पण गुण आला नाही, असं म्हणून घरचे त्याला परत घेऊन जातात. साठा नसेल तर माणसांच्या औषध दुकानातून डॉक्टरची चिठ्ठी घेऊन अॅट्रोपिन आणता येतं. एक माणूस त्या कामाला आधीच पाठवावा.

आधी चाचणीचा छोटा डोस, किलोला ०.०२ मिलिग्रॅम. हृदयाचे ठोके वाढले नाहीत आणि बाहुली फाकली नाही, तेव्हा निदान पक्कं धरलं. मग पूर्ण डोसचा चौथा भाग शिरेतून, बाकी स्नायूत किंवा कातडीखाली. घरच्या कुत्र्याच्या बाबतीत दीड मिली शिरेतून, साडेचार मिली बाकी. पुरेसं झालं हे कशावरून ठरवायचं? छाती ऐकून. श्वासनलिकेतली घरघर थांबली आणि ठोके सुधारले की थांबायचं. बाहुली फाकली यावर जाऊ नये, ती आधीच फाकू शकते. फार जास्त झालं तर आतडी थंडावतात, जनावर बेचैन होतं आणि ताप चढतो.

अॅट्रोपिन लाळ आणि घरघर थांबवतं, स्नायूंची फडफड थांबवत नाही. तिच्यासाठी प्रालिडॉक्सिम, ज्याला दवाखान्यात पीएएम म्हणतात, किलोला २० मिलिग्रॅम प्रमाणे ३६० मिलिग्रॅम सलाइनमध्ये हळूहळू दिलं. ते विकराला विषाच्या तावडीतून सोडवतं, पण जितका उशीर तितका उपयोग कमी. कार्बामेट असेल तर त्याचा फारसा लाभ नसतो. विष कोणतं हे नक्की नसताना ते द्यावं का, याबद्दल डॉक्टरांत मतभेद आढळतात. इथं दाण्यांचा वास आणि अवस्थेची तीव्रता पाहून ते दिलं गेलं आणि तो निर्णय योग्यच होता. पीएएम देण्याआधी हेपरिनच्या हिरव्या टोपणाच्या नळीत पाच मिली रक्त काढून बर्फाच्या डब्यात ठेवलं, गोठवलं नाही. विकराची पातळी त्यातून मोजता येते. पीएएम दिल्यानंतर काढलेल्या रक्ताचा आकडा दिशाभूल करतो.

झटक्यांसाठी डायझेपाम. थरथर आटोक्यात आल्यावर, श्वासनलिकेत नळी घालून, पोटात सक्रिय कोळसा, किलोला एक ते दोन ग्रॅम. तोंडावरची आणि पंजांवरची घाण साबणाच्या पाण्यानं धुतली, कारण हे विष कातडीतूनही शिरतं आणि चाटण्यातून परत पोटात जातं. धुणाऱ्यानं रबरी हातमोजे घालावे, पातळ लेटेक्सचे पुरत नाहीत.

संध्याकाळपर्यंत घरचा कुत्रा मान उचलून पाणी प्यायला आणि घरच्यांनी त्याला न्यायचा आग्रह धरला. इथं गट अडून बसला. ऑर्गॅनोफॉस्फेटमध्ये एक ते चार दिवसांच्या आत दुसरा टप्पा येऊ शकतो. लाळ नाही, थरथर नाही, फक्त मान, पुढचे पाय आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात. रात्री घरी, कुणाचं लक्ष नसताना असं जनावर मरतं आणि लोक म्हणतात, बरा झालेला कुत्रा अचानक कसा गेला. चार दिवस दाखल ठेवलं. तिसऱ्या दिवशी मान खरोखरच लटकली, ऑक्सिजन लावावा लागला, चौथ्या दिवशी तो सावरला. घरी सोडताना सूचना एकच ठळक होती: पुढचे सहा आठवडे गोचिडांसाठी कुठलंही ऑर्गॅनोफॉस्फेट औषध अंगाला लावायचं नाही. विकर पूर्ववत व्हायला तेवढा काळ लागतो.

मादी विषातून सुटली. दुसऱ्या दिवशी तिला १०४.५ ताप आला, खोकला सुरू झाला आणि एक्स-रेत उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा दिसला. ताक आणि तेल तिथं पोचलं होतं. प्रतिजैविकं आणि वाफ देऊनही पाचव्या दिवशी ती गेली. ओतणाऱ्यानं जीव तोडून मदतच केली होती. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, पण ही माहिती प्रत्येक गल्लीत पोचवलीच पाहिजे.

शवविच्छेदन आणि नमुने

दवाखान्याच्या घाईत गावात पडलेल्या दोन मृतदेहांकडे कुणाचंच लक्ष नसतं. म्हणून माणसं वाटून घ्यायची. एक जण सकाळी सातलाच ११२ वर फोन लावून मग पोलीस स्थानकात गेला. सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला शवविच्छेदनासाठी पोलिसांचं पत्र लागतं आणि ते पत्र मिळेपर्यंत मृतदेह सावलीत, खाली-वर बर्फाच्या पिशव्या ठेवून राखावा लागतो. थंडीतही सहा ते बारा तासांत तपासणी व्हायला हवी. त्यानंतर आतडी कुजतात आणि अहवालात ‘कुजल्यामुळे मत देता येत नाही’ हे वाक्य येतं. पंचायत विकास अधिकाऱ्याला, म्हणजे पीडीओंना, मृतदेह उचलू नयेत असं लेखी कळवलं, नाहीतर सफाईचा ट्रॅक्टर ठरल्या वेळी येऊन पुरावा घेऊन जातो.

नमुने असे: पोट आणि त्यातला ऐवज, साधारण १०० ग्रॅम यकृत, एक मूत्रपिंड. प्रत्येक वेगळ्या, स्वच्छ, रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत. आमिषाची पिशवी वेगळी, ओकारी वेगळी. शक्यतो गोठवून पाठवायचं, ते जमत नसेल तर मिठाच्या संपृक्त द्रावणात. फॉर्मलिनमध्ये टाकलं की विषाची तपासणी बिघडते. ही चूक होते, कारण दवाखान्यात हाताशी फॉर्मलिनच असतं. द्रावण वापरलं तर त्याच द्रावणाची एक रिकामी बरणीही सोबत जाते, म्हणजे विष त्या मिठातून आलं नाही हे दाखवता येतं. प्रत्येक बरणीवर तारीख, वेळ, जनावराचं वर्णन, पंचांच्या सह्या आणि लाखेचं सील. आमिष आपण उचललं असेल तर ते कुणी, किती वाजता, कुठून उचललं आणि पोलिसांच्या हाती कधी दिलं याचा कागद हवाच. ही साखळी मधे तुटली तर न्यायालयात बरणीला किंमत राहत नाही. बेळगावात प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे, पण नमुना कुठं पाठवायचा हे तपास अधिकारी ठरवतो आणि तो पोलिसांमार्फतच जातो. कार्यकर्त्यानं स्वतः नेऊन दिलेला नमुना चालत नाही.

पोलीस स्थानक, कन्नड कागद आणि कलमं

सीमाभागातली एक खरी अडचण इथं येते. तक्रारदार मराठीत बोलतो, मराठीत लिहितो. स्थानकातला कागद कन्नडमध्ये तयार होतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तोंडी दिलेली माहिती लिहून घेऊन ती तक्रारदाराला वाचून दाखवली पाहिजे आणि प्रत फुकट दिली पाहिजे. म्हणून कन्नड वाचता येणारा गावातलाच एक जण सोबत न्यावा, आणि सही करण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात: जनावरांची संख्या, आमिष सापडल्याचा उल्लेख आणि ‘विष’ हा शब्द. ‘कुत्री मेलेली आढळली’ एवढंच लिहिलं गेलं तर गुन्हा उभाच राहत नाही. मराठी अर्जाची एक प्रत जोडून तिच्यावर पोच घ्यावी. स्थानकातल्या माणसांशी भाषेवरून वाद घालू नये. त्यात सकाळ जाते आणि मृतदेह तिकडे कुजत राहतो.

कलम कोणतं हे आपल्याला ठाऊक असलं पाहिजे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण त्याच्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. उपकलमांची अक्षरं मराठी अनुवादात वेगळी असू शकतात, म्हणून अर्जात उपकलमाच्या अक्षरापेक्षा कृत्याचं वर्णन लिहावं: ‘अपायकारक पदार्थ खाऊ घालणे’ आणि ‘अनावश्यक क्रूर रीतीने ठार मारणे’. यांतलं दुसरं कृत्य कलम ३१ नुसार दखलपात्र आहे.

खरा आधार भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५. १ जुलै २०२४ पासून लागू. प्राण्याला ठार मारणं, विष घालणं, अपंग किंवा निकामी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत कलम ४२८ आणि ४२९ मध्ये जनावराच्या किमतीची, १० आणि ५० रुपयांची अट होती. ती आता नाही. विष घालणं हेच कृत्य त्यात नावानं आलं आहे, म्हणून वाचलेल्या कुत्र्याचंही प्रकरण उभं राहतं. अडथळा येतो तो भटक्या कुत्र्यांच्या बाबतीत. या कलमाला ‘आगळीक’ सिद्ध व्हावी लागते, म्हणजे कुणाचं तरी किंवा जनतेचं नुकसान. मालकच नाही तर नुकसान कुणाचं, असं विचारलं जातं. म्हणून घरच्या कुत्र्याच्या मालकाला मुख्य तक्रारदार केलं, लसीचं कार्ड आणि दवाखान्याचं बिल जोडलं, आणि मेलेल्या भटक्या जनावरांचा उल्लेख त्याच तक्रारीत घेतला. हे शहाणपणाचं होतं.

आमिष पलीकडच्या हद्दीत, शिनोळीच्या बाजूला टाकलेलं आणि कुत्री इकडे बाचीच्या बाजूला येऊन मेलेली, असंही या भागात घडू शकतं. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून पुढं पाठवायची, अशी १७३ मध्येच तरतूद आहे. नोंदच नाकारली तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांकडे, आणि गाव आयुक्तालयाच्या हद्दीत असेल तर उपायुक्तांकडे, लेखी अर्ज पाठवता येतो.

डेअरीच्या कॅमेऱ्यात पहाटे तीनच्या सुमारास पाणंदीकडे वळणारी एक दुचाकी दिसली. डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, म्हणून पहिल्याच दिवशी डेअरीला लेखी विनंती दिली आणि पोलिसांना ते जप्त करायला सांगितलं. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्राशिवाय अशा चित्रणाला आधार राहत नाही. चेहरा दिसत नव्हता, गुन्हा अज्ञात व्यक्तीवर नोंदला गेला. करडं गेलेल्या घराचं नाव संशयित म्हणून द्यावं असा गावातल्या काहींचा आग्रह होता. तो मानला नाही, कारण पुरावा नव्हता.

उरलेलं विष

कॅरीबॅगेतून दाणे आणि मांसाचे तुकडे पसरलेले असतात. त्याच दिवशी पाणंद, ओढ्याचा काठ आणि शाळेमागचं रान, मिळून अर्ध्या किलोमीटरचा पट्टा माणसं एका रांगेत, हातभर अंतरानं चालून पाहिला गेला. आणखी दोन जागी आमिष सापडलं. जागा चुन्यानं खुणावल्या, पंचनामा झाल्यावरच माती खरवडून काढली. दवंडी दिली: पोरांनी तिकडे जाऊ नये, गुरं आणि कोंबड्या तीन दिवस सोडू नयेत, कुत्री बांधून ठेवावीत. तपासणी झालेले मृतदेह विहीर आणि ओढा यांपासून दूर, सहा फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरले. उथळ पुरलेलं कोल्ही उकरतात आणि साखळी पुढं चालू राहते.

दाण्यांचा मामला रयत संपर्क केंद्रातल्या कृषी अधिकाऱ्यांकडेही लेखी दिला. फोरेटवर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंदी आहे. कार्बोफ्युरानची फक्त ३ टक्के आवेष्टित दाणेदार जातच चालू ठेवण्यास परवानगी आहे. प्रयोगशाळेच्या अहवालात फोरेट निघालं, तर ते विकणाऱ्या दुकानापर्यंत १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली जाता येतं. कुत्री मारणारा सापडला नाही तरी ही वाट उघडी राहते, आणि ती फार कमी लोक धरतात.

करडांचा हिशोब

त्या घराची करडं गेली नसती तर आमिष पडलं असतं की नाही, हे सांगता येणार नाही. पण ज्या गावात नुकसान झालेल्या माणसाकडे कुणी जातच नाही, तिथं पुढचं आमिष ठरलेलं. गटानं त्या घरी जाऊन गोठा पाहिला. खालून हातभर फट होती, तिथूनच कुत्री शिरली होती. पाच फूट उंचीची जाळी, तिचा एक फूट भाग जमिनीत गाडलेला, आणि दाराला आतून कडी, एवढं काम गावातल्या फॅब्रिकेटरनं एका दिवसात केलं. खर्च वर्गणीतून. कोंबडीच्या दुकानाचा टाकाऊ माल त्याच पाणंदीत पडत होता, कुत्र्यांचा जमाव तिथं जमण्याचं कारण तेच. पंचायतीनं दुकानदाराला झाकणाचं पिंप आणि रोज उचल बंधनकारक केली.

राहिलं निर्बीजीकरण. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार ही जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे, ग्रामपंचायतीची सुद्धा. एका सकाळी दोन माणसांनी गल्ल्या फिरून माद्या, नर आणि पिल्लं यांची वेगवेगळी मोजणी केली आणि ती यादी पीडीओंकडे ठरावासाठी दिली. सुरुवात माद्यांपासून, त्याच दिवशी रेबीजची लस, लसीचं प्रमाण निदान ७० टक्के. विणीचा मोठा हंगाम पावसाळा सरताना सुरू होतो. त्यामुळं शिबिराची तारीख श्रावणाच्या आत घ्यावी, असं ठरावात लिहून घेतलं.